बाबांना टिंब कसं करू?

तीर्थरूप बाबांस,

वाकून नमस्कार. मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? (रंगाच्या दुकानातले काका, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. चष्मा लावा, अक्षर बारीक झालंय.) आई शुक्रवारी इकडे यायला निघायच्या आत हे हाती पडावं म्हणून घाईत लिहितेय.

काल तोंडी परीक्षेत सरांनी फळ्यावर भिंतीला टेकलेली शिडी आणि तिच्यावर चढलेला माणूस काढायला सांगितला. मग भिंत पुसायची, जमीन पुसायची आणि शिडीवर कोण कुठून किती जोर लावतं तेवढेच बाण ठेवायचे. याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. भिंत मी पुसली. पण शिडीवरचा माणूस म्हणजे तुम्हीच, म्हणून तुम्हाला टोपीसकट रेखाटलं, कमरेला ब्रश खोचला, रंगाचा डबाही टांगला (वजन त्याचंही असतं, सोडून कसं चालेल?). सर म्हणाले, "हे कोण?"

"वडील."

"त्यांना टिंब करा."

"सर, वडिलांना टिंब कसं करू?"

वर्ग खो खो हसला. सरही हसले, पण गुण कापलेच.

मग केलं टिंब. (बाबा, माफ करा.) तुम्ही सत्तर किलो, डबा दहा, खाली गुळगुळीत फरशी. उत्तर आलं, नवव्या पायरीवर शिडी घसरणार. आणि तुम्ही तर वीस वर्षं अकराव्या पायरीवर उभे राहताय! गणित तीनदा तपासलं, चूक सापडेना. मग लक्षात आलं, एक बाण राहिलाय. सगळ्यात खालच्या पायरीवर आई उभी असते तो. ती इतकी नेहमीची, की मला दिसलीच नाही. तिचं वजन धरलं आणि शिडी जागची हलेना.

तुमची,
थोरली

ता. क. लेखी परीक्षेपर्यंत महिनाभर आईला पाठवा असं मागे लिहिलं होतं, ते रद्द समजा. मला इथे काही कमी नाही, जेवतेही वेळेवर. तिला शिडीपासून हलवू नका.

पुन्हा ता. क. (काका, एवढं मनातल्या मनात वाचा.) वरचं खोटं आहे. मला आई हवीय. ती पंचावन्न किलो आहे. काका, तुम्ही त्याहून जास्त भरत असाल आणि महिनाभर खालच्या पायरीवर उभं राहायची तयारी असेल, तर तिला शुक्रवारी गाडीत बसवून द्या.