पोहणाऱ्या बाईला वाचवल्याबद्दल

८ एप्रिल

ती. आजोबांस,
ओल्या कपड्यांनिशी शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. नोकरीही शाबूत आहे. बेकरीवाला म्हणतो, माझा हात पिठावर छान बसलाय, कारण मी सगळा राग पिठावर काढतो. बाबांना एवढंच सांगा, पुढचं सांगू नका.

जिच्यासाठी मी दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडून समुद्रापार आलो, तिची आजी मला परवा तळ्यात बुडताना दिसली. म्हणजे मला तसं वाटलं. पांढरे केस, डोकं पाण्याखाली जातंय, वर येतंय, आसपास चिटपाखरू नाही. शेवटी मी नातू तुमचा. बुटांसकट सूर मारला, तुम्ही शिकवलंत तसा मागून काखेत हात घातला आणि ओढत काठाला आणलं. वाटभर त्या मला गुद्दे घालत होत्या. बुडणारा माणूस घाबरून मारतो असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून मी आणखी घट्ट धरलं.

काठावर कळलं की त्या पोहत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, रोज पोहतात, थंडीतसुद्धा. आजी, आजी करत मी माफी मागायला लागलो, तर जास्तच भडकल्या. मी तुझी आजी कधीपासून झाले, म्हणे. मग पिशवी उचलायला गेलो, तीही हिसकावून घेतली. इथली तऱ्हाच न्यारी. म्हाताऱ्या माणसाला उठून जागा दिली तर त्याचं तोंड उतरतं, वय विचारलं तर शिवी हासडल्यासारखं होतं. तेव्हापासून त्यांच्या नातीने माझ्याशी बोलणं टाकलंय. माझ्या जिवाचं काय होतंय ते पिठालाच माहीत.

त्यापेक्षा आपल्याकडे बरं. वडीलधारी माणसं मानाने बसतात, आपण त्यांना हातावर झेलतो. तुम्हालाही बाबा आता पाण्यात उतरू देत नाहीत, असं आत्याने कळवलं. वाचून मला बरंच वाटलं. अख्ख्या गावाला पोहायला शिकवलंत, आता आराम करा.

लोभ आहेच, तो या मूर्खपणानंतरही राहू द्यावा.

आपला,
तवा


२१ एप्रिल

चि. तवा यास,
अनेक आशीर्वाद. थोडी अक्कलही पाठवणार होतो, पण पाकिटात मावेना.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो, की तुझी आत्या रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन धावत आली. हसणंसुद्धा या घरात आता लक्षण समजतात.

माझ्या मानाची हकीकत ऐक. महिन्यापूर्वी तलावाच्या पायऱ्यांवर मला भर उन्हात जरा चक्कर आली. पाच मिनिटांत गेलीही. पण त्या दिवसापासून तुझे बाबा पाण्याचं नाव काढू देत नाहीत. मी बादलीला हात लावला की तीन माणसं धावतात. ऊन सरकलं की माझी खुर्ची सरकवतात, माझ्यासकट. तलावावर गेलो तर तिथला नवा शिक्षक, जो माझ्याच हाताखाली गटांगळ्या खाऊन शिकला, तो काठावर आसन मांडून देतो आणि पायाचा अंगठासुद्धा बुडवू देत नाही. लोक काय म्हणतील, या वयात सरांना कामाला लावलं! मी रोज विजारीच्या आत पोहायची चड्डी घालूनच बसतो. न जाणो.

मे महिन्याच्या मध्यावर लहान मुलांचा उन्हाळी वर्ग सुरू होतो. त्यातून माझं नाव काढायला तुझ्या बाबांनी सांगितलंय. यंदा निघालं, की ते परत लागायचं नाही, हे तू समजून घे. मला अजून चार-दोन उन्हाळे पाण्यात हवेत. बाकी काही नको.

तू त्या बाईंना ओढून काढलंस. मलाही सगळे तसंच ओढतायत, आणि तवा, मीही बुडत नव्हतो. त्यांनी निदान गुद्दे तरी घातले. मी कोणाला घालू? ओढणारे सगळे माझेच. त्या बाईंना माझ्यातर्फे एक विचारून घे, त्यांनी घरच्यांना कसं पटवलं?

त्या मुलीचा राग जाईल. तुझा आधी जाऊ दे. तोवर या म्हाताऱ्यावर माया असू द्यावी.

तुझा,
आजोबा


३ मे

ती. आजोबांस,
मान खाली घालून शि. सा. न. वि. वि.

माझं डोकंच फिरलं. तुमचं पत्र वाचल्याबरोबर बाबांना चार पानी पत्र टाकलं. काय लिहिलं ते मला नीट आठवत नाही, ते बरंच आहे.

मग तुमचं पत्र घेऊन तिच्या आजींकडे गेलो. दार तिने उघडलं, बोलली नाही, पण आत घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी ओळ न् ओळ त्यांच्या भाषेत सांगितली. चड्डीपाशी दोघी इतक्या हसल्या की तिचं मौन तिथेच सुटलं. आजोबा, तुमच्या चड्डीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र साधं निघालं. त्यांनी कोणाला पटवलंच नाही, कारण कोणी अडवलंच नाही. मुलगा रविवारी फोन करतो. थंडीत त्या तापाने पडून होत्या, ते घरच्यांना ताप उतरल्यावर कळलं. हे सांगून झाल्यावर त्यांनी मला ते तीन माणसं बादलीकडे धावतात ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. या वेळी हसल्या नाहीत. त्या तिघांपैकी एक जण इकडे पाठवता येईल का, असं विचारत होत्या. बदल्यात तळं देतील म्हणे.

निघताना म्हणाल्या की भ्यालेल्या माणसाशी काठावर उभं राहून वाद घालू नये, त्याला पाण्यात न्यावं. मी सांगितलं की बाबांना पोहता येत नाही. तर त्यांना ते खरंच वाटेना. पोहायला शिकवणाऱ्याचा मुलगा!

हल्ली मी पहाटेची भट्टी आटोपून तळ्यावर जातो. टॉवेल धरायची परवानगी मिळाली आहे, पिशवीची नाही. त्यांना नावाने हाक मारायची, अशी अट आहे. माझी जीभ वळत नाही, म्हणून मी नुसता खाकरतो. ती शेजारी बसून हसते. मला आणखी काय हवं?

चुकलो, पदरात घ्या.

आपला,
तवा


१४ मे

चि. तवा यास,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुझं चार पानी पत्र पोचलं. तुझे बाबा लालबुंद झाले. ज्याला कॉलेज पुरं करता आलं नाही तो मला शहाणपण शिकवतोय, असं म्हणून ताटावरून उठले. तासाभराने माझ्या खुर्चीपाशी येऊन बसले आणि पहिल्यांदाच खरं बोलले. मला चक्कर आली तेव्हा ते तलावाच्या पलीकडच्या काठाला उभे होते. "बाबा, मधे सगळं पाणी होतं आणि मला उतरता येत नव्हतं," म्हणाले.

मग त्या बाईंचा सल्ला आठवला. मी म्हटलं, ठीक, मी एकटा उतरत नाही. तूही उतर. मी बुडालो तर तू काढ. ते म्हणाले, मला पोहता येत नाही. मी म्हटलं, उन्हाळी वर्गात एक जागा आहे.

तेव्हापासून सबबी शोधतायत. आत्याने चड्डी आणली, तर रंग भडक आहे म्हणे. सोमवारी वर्ग सुरू होतो. ते आले तर मी पाण्यात, नाही आले तर काठावर. बघू.

तुझा,
आजोबा


२ जून

चि. तवा यास,
आशीर्वाद.

मला धाडलेलं तुझं चार पानी पत्र उद्धट होतं. त्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज लिहिल्यावाचून राहवेना.

वर्ग सुरू झाला त्या सोमवारी मी गेलो. वर्गात सगळी सात-आठ वर्षांची पोरं, पाठीला तरंगायचे डबे बांधलेली. सगळ्यात मोठा डबा माझा. पोरं मला सांगतात, काका, पाय सरळ ठेवा. तुझे आजोबा छातीभर पाण्यात उभे. घरी पाणी मागताना ज्यांचा आवाज ऐकू येत नाही, ते इथे असे ओरडतात की पलीकडच्या काठावरची बायामाणसं दचकतात. पहिले दोन दिवस मी त्यांना विचारत राहिलो, थंडी वाजतेय का, दमलात का, खुर्ची आणू का. तिसऱ्या दिवशी म्हणाले की तोंड मिट, नाकातोंडात पाणी जाईल.

आज डबा काढला. उताणा झालो, त्यांचा हात पाठीखाली होता. आभाळाकडे बघत मी सांगत होतो, बाबा, हात काढू नका. उत्तर आलं ते तलावाच्या दुसऱ्या टोकाकडून.

चक्कर आली तर हात द्यायला मुलगा असतो, असं ते आता लोकांना ऐटीत सांगतात. मला अजून आडवं तरंगण्यापलीकडे काही येत नाही, हे सांगत नाहीत. त्यांना पाण्यात उतरू द्यायचं की नाही, ते मी ठरवणार होतो. आता मला बाहेर कधी येऊ द्यायचं, हे ते ठरवतात.

कॉलेजचं नंतर बोलू. त्या मुलीला आशीर्वाद आणि तिच्या आजींना नमस्कार सांग. खांदे भरून आलेत, अक्षर गोड मानून घे.

तुझा,
बाबा