म्हसूच्या हातातला पट्टा

मुक्काम कोबे, जपान
कार्तिक, सन १९३४

चिरंजीव म्हसूस थोरल्या भावाचा आशीर्वाद. आईच्या पायावर माझं डोकं ठेव.

मी खुशाल हाय. कापसाच्या पेढीत सैपाक करतो, भात पोटभर मिळतो. आईचा गुडघा कसा हाय?

तुझं पत्र पोचलं. दसऱ्याला वस्तादांनी तालमीचा दांडपट्टा तुला दिला, हलगीवर तू तो फिरवलास, सारं वडिवळे गाव बघाया आलं. आनंद वाटला. लय आनंद वाटला.

मीबी हितल्या तालमीत जातो. तिला डोजो म्हणत्यात, खेळाला केंडो. माती न्हाई, लाकडाची जमीन हाय, ती रोज आमीच पुसतो. हातात बांबूची तलवार, तोंडावर लोखंडी जाळी. समोरचा कोण ते धड दिसत न्हाई.

परवा समोरच्याच्या जाळीमागं मला तुझं तोंड दिसलं. त्याच्या डोक्यावर माझा असा वार बसला की तो दोन पावलं मागं सरला. मी सवयीनं शड्डू ठोकला, आन् गुरुजींनी वार बाद केला. वार बसल्यावर मिरवायचं न्हाई, असा हितला रिवाज. मिरवणं तुझ्याच नशिबी, व्हय ना?

वस्तादांनी माझं नाव काढलं का?

पट्ट्याच्या आतल्या मुठीला माझं फडकं गुंडाळलंय, ते बदलू नको. माझ्या हातानं झिजलंय. तुझा हात त्यात सैल बसतो का, तेवढं मात्र खरं लिही.

तुझं बरंच चिंतणारा,
गेनूदादा