पोथीच्या फडक्यातलं पुस्तक

६ नोव्हेंबर १९८९
इथल्या मराठी मंडळाची पुस्तकांची पेटी आली. नलूताई सोमण स्वतः घेऊन आल्या चंडीमंदिरच्या छावणीतून, त्यांच्या मेजरसाहेबांच्या जीपमधून. या दिवसांत पुस्तकांसाठी कोण एवढं येतं! नियम नेहमीचेच: पेटी एका घरी महिनाभर, जे वाचाल त्याच्या शेवटच्या पानावर नाव-तारीख, मग पुढचं घर.
नलूताईंनी ह्यांना हाक मारली, "काय भाऊजी, कसं वाटतंय?" हे व्हरांड्यात, पाठ करून.
तीन आठवडे झाले. पिंजौरला यंत्र बसवून बसने परतत होते, हे नि लॅबमधले भाटिया. ह्यांना वारा लागत होता म्हणून खिडकीची जागा भाटियांना दिली. पुढच्या वळणावर अतिरेक्यांचा गोळीबार. भाटिया गेले. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून एक शब्द नाही.
रजा ७ डिसेंबरपर्यंत. ८ ला रुजू व्हायचं.

९ नोव्हेंबर
पुण्याहून दिरांचं पार्सल. सुखी होण्याच्या उपायांचं जाडजूड पुस्तक. रोज सकाळी आरशात बघून हसायचं म्हणे. भाटियांच्या बायकोला दाखवा म्हणावं आरसा!
पलंगाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली सरकवलं. पलंग हलायचा थांबला. चला, कुणाला तरी उपयोग झाला.

११ नोव्हेंबर
देवापुढे दिवा लावला नाही. चौथा दिवस. लावावासा वाटत नाही, झालं. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसत नाही. विचारतात, "दिवा लावलास का गं?" "लावला, आई." धडधडीत खोटं.
पेटीच्या तळाशी एक पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं गेलेली. नाव कळत नाही, कुणी लिहिलं कळत नाही. नवरा गेलेली एक बाई सांगतेय. दोन वर्षं देवाशी बोलणं टाकलं होतं, ते सरळ लिहिलंय. सकाळी फक्त चहा जमायचा, म्हणून फक्त चहा करायची. मग एके दिवशी भाजी छान झाली, तर आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाज वाटली.
ओट्याशी उभ्याउभ्या चाळीस पानं वाचली. आमटी करपली. करपू दे. कुणीतरी खरं बोललं एवढ्यानेच किती हलकं वाटलं.

१३ नोव्हेंबर
काल दिवसभर ते पुस्तक जेवणाच्या टेबलावर पडलेलं! ह्यांच्या डोळ्यांसमोर! गेलेल्या माणसाचं पुस्तक, आणि ह्यांची ही अवस्था. माझं डोकं ठिकाणावर नाही.
पोथी काढून कपाटात ठेवली नि तिच्या लाल फडक्यात हे बांधलं. देव्हाऱ्यात. तिथे हे कधी हात लावत नाहीत.

१६ नोव्हेंबर
फसले. आई म्हणाल्या, "रोज पोथी घेऊन बसतेस, मोठ्याने वाच की. मलाही ऐकू दे."
वाटलं, मधे मधे देवाचं नाव घालून वेळ मारून न्यावी. जीभ रेटेना. आहे तसं वाचलं. पान संपलं. आई म्हणाल्या,
"ही पोथी नव्हे."
"नाही."
"मग थांबलीस का? ती बाई खोटं बोलत नाही."
थोड्या वेळाने, "तुझे सासरे गेले तेव्हा वर्षभर मी नुसती फुलं वाहायची. आत काही नव्हतं. सांगणार कुणाला?" आणि वर, "दिवाही लावत नाहीस. तुपाचा वास येत नाही, मला काय कळत नाही?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोघी रडलो. आता रोज मोठ्याने वाचायचं ठरलं, आईंसाठी पुन्हा पहिल्यापासून.

२१ नोव्हेंबर
पाचलाच रस्ता ओस. आमच्या मिनूला कॉलेजातून यायला उशीर, मी दोनदा जिना उतरून बघून आले. आली ती दारातूनच, "पापा कुछ बोले?" नाही गं.
खालच्या मजल्यावरच्या सरदारीणबाई, आमच्या बीजी, सरसोंचं साग घेऊन आल्या. त्यांच्या मुलाला पोलिसांनी नाक्यावर पगडी बघून गाडीतून उतरवलं, दोन तास उभं केलं. म्हणाल्या, "रब नाल मेरी वी नहीं बणदी अजकल." म्हणजे देवाशी त्यांचंही हल्ली पटत नाही. आईंना पंजाबीचं ओ की ठो येत नाही, पण त्यांनी बीजींचा हात धरला तो सोडलाच नाही.
बीजींना पुस्तकातलं हिंदीत सांगितलं. "फेर? ओ ठीक हो गई?"
म्हटलं, "पता नहीं जी, अभी आधा ही हुआ है." हसलो तिघी. कितीतरी दिवसांनी.
तेवढ्यात व्हरांड्यातली खुर्ची सरकल्याचा आवाज. आमचं हसणं ह्यांना बोचलं असणार. माझंच चुकलं.

२९ नोव्हेंबर
वाईट दिवस. ऑफिसातून चिठ्ठी: ८ ला येताय की नाही, कळवा. ह्यांनी वाचली, घडी घालून खिशात. मी ओरडले. "बोला हो काहीतरी! शिव्या तरी द्या!" मिनू खोलीत गेली, दार लावून घेतलं. फार लाज वाटतेय.
पुस्तकातली बाई म्हणते, आपण पुरत्या बऱ्या कधी झालोच नाही. हे वाचून धीर का यावा? पण आला.

५ डिसेंबर
उद्या पेटी जाणार. शेवटचं प्रकरण राहिलंय, चार पानं. फडक्याची गाठ आज घट्ट होती, मी बांधते तशी नव्हे. आई चाचपत असतील.

६ डिसेंबर
नलूताई दारात. "आटपा हो, उजेडात पोचायचंय." घाईने सही करायला शेवटचं पान उघडलं.
ह्यांचं अक्षर. लॅबच्या वहीतलं, बारीक. नाव, आणि खाली, "१२ नोव्हें., पान ३१ पर्यंत वाचलं. पुढचं ऐकलं. शेवट राहिला."
मी ज्यांच्यापासून लपवत होते...
पुस्तक पदराखाली घेतलं नि पेटी दिली. नलूताईंनी यादी लावली. "एक कमी आहे."
"मी ठेवलंय. दंड करा, काही करा."
त्यांनी व्हरांड्याकडे बघितलं. यादीवर खूण केली नि निघाल्या.

७ डिसेंबर
संध्याकाळी देवापुढे बसले. आई शेजारी. फडकं सोडलं, हलक्या आवाजात पहिली ओळ वाचली. मागे पावलं वाजली. हे दाराला टेकून उभे.
"जरा मोठ्याने वाच."
आवाज ओळखू आला नाही, एवढा घोगरा. आईंनी माझा गुडघा दाबला. वाचलं. दोन पानं झाल्यावर पुस्तक मिटलं. म्हटलं, उरलेली दोन उद्या, तुम्ही लॅबमधून घरी आल्यावर.
हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. उभेच राहिले.
शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.