हौसाआत्याला, जोत्याच्या मिठाबद्दल

ती. हौसाआत्या हिला,

खारेपाटातून मनस्वीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, हरेशदादाच्या शिफ्टा आणि अष्टमी गावातल्या तुमच्या घरामागचा शेवगा, तिन्ही आपापल्या जागी नीट असोत. इकडे आम्ही ठीक आहोत. आई जेवते, पण कमी जेवते. मनालीवहिनीचे दिवस भरत आले आहेत, ती चिंचा मागते आणि धनेशदादा तिला सफरचंदं आणून देतो. (हरेशदादा, हे पत्र आत्याला मोठ्यानं आणि सावकाश वाचून दाखव. कंसातलं मात्र वाचू नकोस, ते तुझ्यासाठी आहे.) फोन का केला नाही असं तू विचारशील. तर आत्या, फोनवर तू सगळ्याला "व्हय व्हय" म्हणतेस आणि फोन ठेवल्यावर हरेशदादाला विचारतेस, पोरगी काय बोलली रे? शिवाय या घरात फोनवर काही बोलायची सोय नाही. मोकळ्या घरात माणसांची मनं मोकळी राहतात असं पुस्तकात होतं, म्हणून मी खोल्यांना दारंच ठेवली नाहीत. आता एकाला शिंक आली की बाकीचे तिघं दचकतात, आणि मनं आहेत तशीच आहेत.

घराचंच लिहायचं आहे. तुला बरंचसं ठाऊक आहे, तरी पायापासून सांगते, म्हणजे हरेशदादालाही कळेल. कुडाचं घर पाडून पक्कं बांधायचं ठरलं तेव्हा मी पेणच्या वाचनालयातून घरांची पुस्तकं आणायला लागले. घरातली पहिली पदवी माझी, तिचा कुणाला तरी उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटत होतं. (पदवी इतिहासाची आहे, पण घरात ते कुणी विचारलं नाही.) एक पुस्तक बांधकामाचं, एक सजावटीचं, आणि एक जुन्या नावाजलेल्या घरांचं, गुळगुळीत कागदाचं, रंगीत फोटोंचं. ते घरी न्यायला देत नाहीत, म्हणून मी तिथेच बसून वाचायची आणि एस.टी. चुकवायची. खिडक्या कुठे, ओटा किती उंच, चूल गेल्यावर गॅस कुठे, हे सगळं मी पुस्तकं बघून ठरवलं. रंग आणि लाद्या धनेशदादानं ठरवल्या. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "तुमी शिकलेली, तुमीच बघा." पडवी हवी का, नको. देवाचा कोनाडा इथे चालेल का, चालेल. आपल्याच घरात ते पाहुण्यासारखे वागत होते.

फक्त जोत्यात भर घालायची वेळ आली तेव्हा ते उठून उभे राहिले. म्हणाले, मुरूम नको, मिठागरातल्या वाफ्याची माती घाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मिठाच्या वाफ्याची जमीन वर्षानुवर्षं पायांनी तुडवून इतकी घट्ट झालेली असते की ऐन उन्हाळ्यात वर पाणी उभं राहतं आणि खाली थेंब झिरपत नाही. जी माती खाडीचं पाणी धरते, ती घराखालची ओल धरणार नाही का? "सिमेट फुटंल, ही नाय फुटायची." गोविंदा मिस्त्रीनं मान खाजवली, पण सगळा जन्म मिठागरात काढलेल्या माणसाला मातीबद्दल कोण शिकवणार? मी बांधकामाचं पुस्तक उघडलं. भरावाच्या प्रकरणात मुरूम होता, वाळू होती, दगडाचा चुरा होता. मिठागरातली माती घालू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. (असं कुणी करील हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार. पुस्तकं लिहिणारे लोक खारेपाटात येत नाहीत.)

मग तू आलीस. माहेरवाशिणीनं जोत्यावर नारळ वाढवायचा हा आपल्या घरचा रिवाज, म्हणून तुला गाडी करून आणलं होतं. नारळ वाढवून तू गप्प बसशील तर ना! लुगडं खोचून मातीत उतरलीस, बाबांच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "मोरू, पाय विसरलास काय रे?" मग बाबा, तू, आई, शेजारच्या दोघीतिघी, सगळे एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून एका लयीत माती तुडवत गेलात, मिठागरात तुडवतात तशी, आणि तू ते चावट गाणं म्हटलंस, ज्याच्या दुसऱ्या ओळीला आई अजूनही लाजते. बाबा इतके हसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. घर झालं. पहिल्या दिवशी बाबा मधल्या खोलीत लादीवर उघड्या पाठीनं आडवे झाले, चटई नको म्हणाले. महिनाभरानं गेले. तुला मी हे का सांगते आहे? तू होतीस की तेव्हाही.

त्यांना जाऊन थोडे दिवस झाले आणि भिंतींना मीठ फुटायला लागलं.

आधी कोपऱ्यात पांढरी लव आली. मग लाद्यांच्या सांध्यांतून रेघा आल्या. मग धनेशदादाचा आकाशी ऑइलपेंट पापडासारखा फुगून गळून पडला. गोविंदा मिस्त्रीनं बोटाला लावून चाटलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "काकांची माती वर येते." बाबांचं म्हणणं अर्धं खरंच ठरलं होतं, आत्या. त्या मातीनं पाणी खाली जाऊ दिलं नाही. पण ती ते पाणी वर पाठवते, आणि त्याच्याबरोबर मीठही, हे त्यांना माहीत नव्हतं. मिठागरात तर तेच हवं असतं. त्याच कामाची मजुरी त्यांनी जन्मभर घेतली. आता तेच काम घरात चाललं आहे, आणि सगळं गाव येऊन बघून जातं.

मी सगळे उपाय केले. जुन्या घरांच्या पुस्तकात होतं की भिंतींना श्वास घेऊ द्यावा, रंगानं त्यांचा कोंडमारा करू नये. मी दोन दिवस बसून ऑइलपेंट खरवडून काढला. भिंतींनी मोठा श्वास घेतला आणि मीठ बाहेर सोडलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची बकरी भिंत चाटताना सापडली. तिनं बाकीच्यांना सांगितलं असावं, कारण आठवड्याभरात पाड्यातल्या सगळ्या बकऱ्या दुपारी आमच्या घराला वेढा घालून उभ्या राहायला लागल्या. पूर्वेचा कोपरा त्यांनी चाटून चाटून गोल केला आहे. (सजावटीच्या पुस्तकात भिंतींच्या कडा गोल केल्यानं घर मायाळू दिसतं असं आहे. दिसतं.) धनेशदादा काठी घेऊन धावतो, आणि आई म्हणते, "राहू दे रं, चाटतात तर चाटू दे, कुणाच्या तरी कामी येतं."

मग सजावटीच्या पुस्तकातून घेतलं की दोष झाकता येत नसेल तर नजर दुसरीकडे न्यावी. मी मधल्या खोलीत वेताची चटई टांगली आणि तिच्यावर बाबांचा फोटो मोठा करून लावला. पावसाळ्यात चटईला बुरशी आली ती आली, पण फोटोच्या काचेच्या आत खालून मीठ चढायला लागलं. फोटो कमरेपासूनचा आहे. आता बाबा छातीपर्यंत मिठात उभे आहेत आणि तसेच गंभीरपणे बघतात. मी फ्रेम उघडून पुसायला काढली, तर आई म्हणाली, "ठेव गो. बऱ्याच दिसानी कामावर गेलेत." ती हसत म्हणाली. म्हणजे मला वाटलं हसत म्हणाली. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

खांब गावाहून मला बघायला आलेल्यांचं तर तुझ्या कानावर गेलंच असेल. नसेल तर माझ्याकडून ऐक. मुलगा शिकलेला, शांत, काळा शर्ट. मी त्याला चहा दिला आणि त्यानं आवडीनिवडी विचारल्या, तेव्हा मी खरं ते सांगितलं, की मला घरांची पुस्तकं वाचायला आवडतात. तो खूश झाला आणि आरामात भिंतीला टेकला. उठला तेव्हा त्याच्या पाठीवर आपल्या भिंतीचा पूर्ण नकाशा होता. आई मदतीला धावली आणि त्याच्या पाठीवर धपाधप मारत म्हणाली, "झटका, झटका, मीठच हाय." त्याच्या आईनं धनेशदादाला दारात सांगितलं, पोरगी चांगली, घर ओलं. कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. (हरेशदादा, त्याचं नाव निलेश. धाटावला तुझ्याच कंपनीत आहे असं कळलं. तू काही विचारू नकोस. विचारलंच तर शर्ट निघाला का एवढंच विचार.)

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, आत्या. पण वहिनीला रात्री खोकला येतो. बाळ येणार ते या लादीवरच रांगणार. धनेशदादानं मिस्त्रीला बोलावून निर्णय घेतला आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत घराला हात लावायचा नाही, ते झालं की त्या पुढच्या सोमवारी जमीन फोडायची, खालची माती सगळी काढून खाडीत टाकायची आणि डोंगराकडचा मुरूम भरायचा. त्यानं मला समोर बसवून विचारलं, तुझं पुस्तक काय म्हणतं? मी बघून सांगितलं. पुस्तक म्हणतं की खारी भर काढल्याशिवाय दुसरा इलाज नाही. (ते या वेळी दुसऱ्या पुस्तकात सापडलं, पण सापडलं.) माझंही मत तेच आहे आणि ते मी सगळ्यांसमोर मांडलं आहे. घर माणसांना राहण्यासाठी असतं. ते कोरडं आणि स्वच्छ असावं, त्यात उजेड असावा आणि लहान मुलाला आजार होऊ नये. माणसाची आठवण मनात ठेवायची असते, लादीखाली नाही. एवढं जर मला सांगता आलं नाही तर शिकून उपयोग काय? धनेशदादा म्हणाला, "शाब्बास, आता आयेला तूच सांग." मी तसा शब्द दिला. आणि आईला सांगितलं.

आईनं ऐकून घेतलं. नाही म्हणाली नाही. नाही म्हणायची तिला सवयच नाही. फक्त विचारलं, "लोक काय म्हणतील? मोरूला मिठाचं कळत नव्हतं म्हणतील?" मी म्हटलं, कुणी असं म्हणणार नाही. ती म्हणाली, "म्हणतील." आणि भांडी घासायला गेली. मधल्या खोलीत बाबा जिथे आडवे व्हायचे तिथेच ती हल्ली निजते, चटईशिवाय. सकाळी उठते तेव्हा तिच्या दंडावर पांढरं असतं. ती ते झटकत नाही, पदरानं हलकं पुसून घेते.

असो. पत्र लांबलं. वर्षश्राद्धाला तू येशीलच. गाडी पाठवू का ते कळव. तुझ्या गुडघ्यांसाठी खाली न बसता जेवायची सोय मी केली आहे. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना गोड पापा.

तुझी भाची,
मनस्वी

ता. क. श्राद्धानंतर लगेच परत जाऊ नकोस. सोमवारपर्यंत राहा. ज्या माहेरवाशिणीनं नारळ वाढवला तिला विचारल्याशिवाय जोतं उकलता येत नाही, हे मी धनेशदादाला सांगून ठेवलं आहे. असा रिवाज खरोखर आहे की नाही मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. तू आहे म्हण.

आणखी ता. क. (हरेशदादा, हे कंसात नाही. हे वाच, आणि दोनदा वाच.) आत्या, पुढची खोली आणि वहिनीची खोली खणू देत. ती खणायलाच हवी, वहिनीचा खोकला खरा आहे. पण मधल्या खोलीला हात लावू देऊ नकोस. तिथे बाळाला आपण नेणार नाही, तिथे फक्त आई राहील. मिस्त्री म्हणेल अर्धं काम करून चालत नाही, तुला ते ऐकू आलं नाही असं कर. धनेशदादा मला बोलायला सांगेल, आणि मी पुस्तक उघडून तुझ्याविरुद्ध बोलेन, ओल, तब्येत, बाळ, सगळं वाचून दाखवेन, कारण मी शब्द दिला आहे आणि मला तो मोडता येत नाही. तेव्हा तू माझ्यावर ओरड. दोन बुकं शिकली म्हणून आम्हाला शिकवते का म्हण. सगळ्या पाड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरड, म्हणजे मला गप्प बसता येईल.