मोरपंखी साडीसोबतचं पाकीट

ब्रह्मपुरी,
गुरुवार, १२ एप्रिल २००७

प्रिय मीरा,

नमस्कार आणि सलाम, दोन्ही पाठवते. ठेवायचा तो ठेव, नको तो परत कर. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं काय ते तू सांगितल्याशिवाय मला कळायचं नाही, आणि तू सांगत नाहीस.

ऊन असं आहे की फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातात ओला होतो. शाळा सकाळची झाली. मोहफुलं पडायला लागल्यापासून पोरं ती वेचायला जातात, माझ्या चौथीत अर्धीच डोकी असतात, आणि मुख्याध्यापकांना हजेरी मात्र पूर्ण लागते. अयूबच्या दुकानाला मोबाइलनं मारलं. वेळ सगळे फोनमध्ये पाहतात, मनगटी घड्याळ आता फक्त नवरदेवाला घेतात. तौसीफ पुण्यात आहे. फोन करतो तेव्हा सगळं चांगलं आहे म्हणतो आणि शेवटी अम्मीच्या हातच्या खिचड्याबद्दल विचारतो.

तुझ्या रंजीताची लग्नपत्रिका पोचली. पोस्टानं.

डी.एड.च्या वसतिगृहात तू माझ्या पेटीला पेटी लावलीस, त्याला आता तीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुमच्या घरचं एकही आमंत्रण मला पोस्टानं आलेलं नाही. हरिदासभाऊ सावलीहून एसटीनं यायचे, पत्रिकेवर अक्षता ठेवून हातात द्यायचे आणि अयूबच्या दुकानात दोन कप चहा प्यायल्याशिवाय उठायचे नाहीत. या वेळी पाकिटावर ‘श्री. अयूब शेख, घड्याळवाले, ब्रह्मपुरी’ असं होतं. मी ‘सहपरिवार’मध्ये कुठेतरी असेन.

त्याच दुपारी दसरू जीपवाल्यानं एक पिशवी आणून दिली. म्हणाला, “बाई, सावलीच्या मॅडमनं देल्ली. काई बोलल्या नाई.” आत मोरपंखी साडी. घडी नीट, मधे वर्तमानपत्राचा कागद. इतक्या नीटपणे तू मला कधी शिवीसुद्धा दिली नव्हतीस.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी फोनला चेहरा नसतो. पत्रालाही नसतो, पण पत्रात खाडाखोड करता येते. हे माझं तिसरं पाकीट आहे. पहिली दोन चुलीत गेली.

तर एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. फेब्रुवारीत मी नागपूरला गेले ती प्रशिक्षणाला नव्हे. एका दवाखान्यात गेले होते, आणि तिथे दोन्ही डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं घेतली. हस. मी तुझ्या जागी असते तर आठ दिवस हसले असते.

डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी. तिच्या चेहऱ्यावर आयुष्यानं अजून एक रेघ मारलेली नव्हती. तिनं छापील कागद पुढे ठेवला. काय काय बिघडू शकतं ते सगळं त्यात होतं. पोरांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून पंचवीस वर्षं ओरडणाऱ्या बाईनं तो न वाचता सही केली. मग एकेका डोळ्याला तीन बारीक सुया. मुंगी चावावी तेवढंच. “चार तास आडवं व्हायचं नाही, तिथे दाबायचं नाही,” असं तिनं दोनदा बजावलं. मी ब्रह्मपुरीच्या बसमध्ये बसले आणि उमरेडच्या आधीच पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकून गाढ झोपले. पुढचं त्यामुळे झालं की नशिबानं, कोण जाणे. त्या पोरीला दोष द्यायला मी तयार होते, पण जागा सापडली नाही.

पाचव्या दिवशी उजवी पापणी उतरली. दुपारी अर्धं शटर ओढलेल्या दुकानासारखी. तुला मी ‘रांजणवाडी’ म्हणून सांगितलं होतं, ते खोटं. डोळ्यांतून पाणीही यायचं. भागाकार शिकवताना रुमाल लावला, तर पोरांना वाटलं, बाईंनाही येत नाही. पापणी पुढे आपसूक वर गेली. पण डोळ्यांच्या कडा मेल्यासारख्या राहिल्या. तोंड हसायचं, डोळे त्याची साक्ष द्यायचे नाहीत.

माझ्या जिभेला इतकी वर्षं जामीन कोण राहत होतं, ते मला तेव्हा कळलं. मुख्याध्यापकांना मी दर महिन्याला म्हणते, “सर, तुमची सही इतकी छान आहे, तुम्हाला तेवढंच काम द्यायला पाहिजे.” दर महिन्याला ते पोट धरून हसतात. या खेपेला त्यांनी लेखी खुलासा मागितला. भाजीवालीला नेहमीचं बोलले, तर तिनं वांगी परत टोपलीत टाकली.

अयूबनं मात्र ओळखलं. एका संध्याकाळी त्यानं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ पाहून म्हणाला, “नजमा, मशीन तो चालू है. काटा अटक गया.” मग त्याला सगळं सांगितलं. वाटलं, चिडवेल. “मेरे को तो वो लकीरें अच्छी लगती थीं,” एवढंच बोलला आणि समोरच्या घड्याळात पुन्हा डोकं घातलं.

आता पंचवीस फेब्रुवारी. तिथे जायचं टाळत इतकी पानं भरली.

रंजीताच्या साक्षगंधाची ती साडी मी त्याच दिवशी नागपूरला घेतली होती, दवाखान्यातून निघून. स्वतःच्या चेहऱ्यावर एवढं उधळल्यावर अपराधी वाटत होतं, म्हणून तुझ्यासाठी. हरिदासभाऊ गेल्यापासून दोन वर्षं तू राखाडी आणि बदामी याशिवाय काही नेसली नव्हतीस. “मले नाई शोभत आता,” तू म्हणालीस. “नेसत नसशील तर मी जेवत नाई,” मी म्हणाले. माझं जेवण बुडण्याची भीती तुला कायमची. नेसलीस.

आणि मग ओसरीत, नवऱ्या मुलाच्या घरच्या बायका फराळाला बसलेल्या असताना, मी मोठ्यानं म्हणाले, “मीराबाई, हरिदासभाऊ नाईत तेच बरं झालं म्हना! असते तं एवढं नटू देल्लं असतं का तुले?”

आपण याहून वाईट बोललेलो आहोत. हरिदासभाऊंच्या देखत बोललेलो आहोत, आणि ते “ह्या दोघी मले जितेपनीच पोचवतेत” म्हणून अंगणात निघून जायचे. एरवी तू पाठीत धपाटा घातला असतास. पण तू माझ्याकडे पाहिलंस, डोळ्यांच्या कडांकडे, जिथे तीस वर्षं उत्तर असायचं. तिथे काही नव्हतं. विहीणबाईंचा हात ताटात थांबला. तू आत गेलीस आणि बाहेर आलीस ती जुन्या राखाडी साडीत. त्यानंतर सगळ्यांना तू वाढलंस, मलाही वाढलंस. जास्त वाढलंस.

मीरा, हे सगळं त्या सुयांच्या माथी मारून पत्र इथेच संपवता आलं असतं. पहिली दोन पाकिटं इथेच संपली होती. म्हणून तर जाळली.

मुळात मी नागपूरला गेले का? मागच्या दिवाळीत मी तुझ्याकडे आले होते. तू चुलीशी भाताचं पातेलं निथळत होतीस, पाठमोरी. तशीच म्हणालीस, “काऊन वं नजमा, तुझ्या डोळ्यापाशी तं बांध्या पडल्या! धानाचा रोवना करून घे एखांदा.” मी हसले. तू नेहमीचीच थट्टा केली होतीस. पण तुझी पाठ होती माझ्याकडे, तुझे डोळे मला दिसले नाहीत, आणि ते वाक्य मी घरी घेऊन आले. फेब्रुवारीपर्यंत रोज आरशात वाचलं. तुला बोलले नाही. बोलले असते तर तू पातेलं खाली ठेवून वळली असतीस, आणि माझी सहा भोकं वाचली असती.

आता राहिलेलं.

त्या दिवशी ओसरीत तू मोरपंखी साडीत बाहेर आलीस, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, “पोरीले रूप कोनाचं आलं, ते आता समजलं.” त्या तुझ्याकडे पाहत होत्या. सगळ्याच पाहत होत्या. तुझ्या डोळ्यांपाशी तर माझ्या दुप्पट रेघा आहेत, आणि तू हसलीस की त्या सगळ्या एकदम उजळतात. मी शेजारीच बसले होते, गुळगुळीत. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. तेव्हा मी ते वाक्य बोलले.

मला तुझा हेवा वाटला, मीरा. ते वाक्य थट्टेचं नव्हतं. निदान निम्मं तरी नव्हतं. डोळे धड असते तर ते खपून गेलं असतं. तू धपाटा घातला असतास आणि मलाही कधी कळलं नसतं. अशी किती वाक्यं तीस वर्षांत खपवली, ते मी मोजायला बसले नाही. धाडस झालं नाही.

साडी दसरूच्या हाती परत पाठवते, हे पाकीट तिच्या घडीत ठेवून. घडी मात्र तुझ्यासारखी नाही जमली, कारण काल मी ती नेसून आरशापुढे उभी राहिले. मला शोभत नाही. अयूबनं न विचारताच सांगितलं.

सहा मेला लग्नाला मी येते. तू बोलाव किंवा नको बोलावू. पत्रिका आहे माझ्याकडे, पोस्टाची का असेना. पोस्टाच्या पाहुण्यासारखी मांडवात मागच्या ओळीत बसेन. तुझ्या अंगावर ही साडी दिसली तर पुढे येईन. राखाडी दिसली तर रंजीतावर लांबूनच अक्षता टाकीन, जेवीन आणि दुपारची गाडी धरीन. न जेवता जायची नाही. त्या घरात मी एकदाच चुकीचं बोलले, उपाशी कधीच उठले नाही.

डावा डोळा आता कडेला जरासा हलतो. उजवा अजून ढिम्म. डॉक्टर म्हणते, मे संपेपर्यंत सगळ्या रेघा जागेवर येतील. म्हणजे लग्नात मला फार तर अर्धी थट्टा जमेल, आणि तीही मी करणार नाही.

त्या दिवशी तू फार सुंदर दिसत होतीस. हेच म्हणायचं होतं, तोंडातून दुसरं निघालं.

थट्टा वजा केल्यावर जेवढी उरेल तेवढी,
तुझी
नजमा