ओव्हनमधला हेडलाइट

९ ऑक्टोबर

ओव्हनमध्ये केक नाही. हेडलाइट आहे!

माझ्या ओव्हनमध्ये. शेजारच्या कोकिळाताईंच्या नातवाचा अननसाचा केक संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. अंडी घेऊन स्वयंपाकघरात गेले तर आमचे पतिराज ओट्यापुढे वाकून काचेतून आत बघतायत. इतक्या मायेने माझा केक फुगताना कधी पाहिला नाही.

"काऊन ओरडून राह्यली? काच डिंकानं चिकटवली असते. गरम केल्याबिगर निघत नाई. व्हिडिओत बी तो असंच करते."

व्हिडिओतल्या त्या माणसाने ओव्हन कोणाचा वापरला, ते मात्र व्हिडिओत सांगत नाहीत.

लिंबू, सोडा, गरम पाणी — सगळं करून ओव्हन पुसला. केक केला. तरी वास राहिलाच. कोकिळाताई म्हणाल्या, "रीता, यात नवीन एसेन्स टाकला का व?"

हो म्हटलं.

१० ऑक्टोबर

मूळ भानगड समुद्रपूरच्या रस्त्यावरची. शिलाईच्या सामानाचं आमचं ठोक दुकान — धागे, चेन, बटणं, अस्तर. बाबा, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावर बसतात आणि आमचे पतिराज भूपेंद्र मोटरसायकलवर गावोगावच्या टेलरकडे माल पोचवतो, ऑर्डरी आणतो. मागच्या आठवड्यात दिवेलागणीला परत येताना सरळ कोणाच्या तरी पऱ्हाटीत घुसला! कोपरं सोलली. धाग्यांची रिळं कपाशीवर उधळली — लाल, पोपटी, जांभळी. शेतकऱ्याने म्हणे आधी रिळं वेचून दिली, मग शिव्या दिल्या.

भूपेंद्रचं म्हणणं: समोरून ट्रक आला, डोळे दिपले, आणि कंपनीचा बल्ब म्हणजे काजवा. म्हणून आता प्रोजेक्टर लाइट. भिंगवाला. ऑनलाइन मागवला, बसवणार घरीच. मेकॅनिककडे का नाही? "त्याईले समजत नाई."

मी म्हटलं, त्यापेक्षा उजेड आहे तोवर घरी येत जा.

"धंदा का उजेड पाहून होते?"

बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "लाइट लहान लाव का मोठा लाव. रस्ता तोच हाय." बाबांकडे प्रत्येक नव्या वस्तूसाठी एक वाक्य तयार असतं. मिक्सर आला तेव्हाही होतं.

१२ ऑक्टोबर

रविवार. वऱ्हांड्यात वर्तमानपत्र पसरून शस्त्रक्रिया. स्क्रू एका वाटीत, वॉशर दुसऱ्या वाटीत — दोन्ही वाट्या माझ्या, विचारायचं कशाला! भिंग चांगलं मोठ्या कांद्याएवढं. वायरी थेट बॅटरीतून. सपना शाळेचा अभ्यास सोडून बापाला टॉर्च दाखवत बसली. चौथीतली पोरगी, आता तिला रिले म्हणजे काय ते माहीत आहे, पण सातचा पाढा नाही.

अंधार पडल्यावर उद्घाटन. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकूसुद्धा लावलं. बटण दाबलं —

रस्त्यावर काही नाही! मिट्ट काळोख. सगळा उजेड वर. भिंग उलटं बसलं होतं. कडुलिंबाचा शेंडा पानापानासकट लख्ख, आणि त्याच्या मागे गच्चीवर कपडे काढणाऱ्या कोकिळाताई, दोन्ही हात डोळ्यांवर: "कोण हाय बे थो! बंद कर ना!"

कधी कडुलिंबावरून गाडी न्यायची वेळ आली तर आमच्याकडे सोय आहे.

१३ ऑक्टोबर

हेडलाइट परत ओव्हनमध्ये. मी परत ओरडले. दोघांनाही सवय होत चालली आहे.

१५ ऑक्टोबर

झालं एकदाचं. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली, गाडी लांब उभी केली आणि उजेडाची कड त्या रेघेवर आणून स्क्रू आवळले. खरं सांगायचं तर सुंदर दिसतं. रेघेच्या खाली दुपार, वर रात्र. समोरच्याच्या डोळ्यात काही जात नाही.

अख्खी गल्ली पाहायला आली. "दिवसच काढला ना राजा!" कोणीतरी म्हणालं. मला भिंतीवरची मुंगी दिसत होती.

भूपेंद्र हँडल धरून उभा. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "अजून कमीच वाटते."

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. या माणसाला सूर्य आणून दिला तरी म्हणेल, जरा वॅट कमी आहे.

२२ ऑक्टोबर

दिवाळीत लोक घराला लायटिंग करतात. आम्ही गाडीला केली. पुढच्या गार्डवर आणखी दोन दिवे. आता बॅटरी उतरते आणि हॉर्न मांजरीसारखा वाजतो.

"आता?" मी विचारलं.

"ठीक हाय." मला नाही वाटत ठीक आहे. पण नवीन पार्सल मागवलेलं नाही, तेवढंच समाधान.

२ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय.

कारंज्याला आईकडे गेलो होतो दोघं. आईने निघू दिलं नाही लवकर — वडे झाले, चहा झाला, परत चहा झाला. आर्वी सोडली तेव्हा अंधारून आलं होतं. पुढे मोकळा रस्ता. तिन्ही दिवे चालू. मी मागे बसून मनातल्या मनात म्हणत होते, ओव्हन वाया गेला पण रस्ता दिसतो बाई.

पुढे एक बैलांची बंडी चालली होती. कापसाने भरलेली, आमच्याच दिशेला, रस्त्याच्या अर्ध्यावर. मला लांबूनच दिसली. वाटलं, आता हा बाजूने घेईल. आता घेईल. घेतच नाही! वेगही कमी करत नाही.

"बंडी! अहो, बंडी हाय!"

ब्रेक मारला. मागचं चाक फिरलं. गाडी आडवी होता होता थांबली — बंडीच्या मागच्या फळीला माझा हात लागेल इतक्यावर. बंडीवाल्याला पत्ताही नाही, तो गाणं म्हणत पुढे गेला.

भूपेंद्र एक पाय टेकवून उभा. म्हणाला, "कोठी होती?"

"समोर."

"समोर कोठी?"

पांढरा कापूस होता. त्यावर आमचा तो दिवस काढणारा लाइट. मला, मागे बसलेल्या बाईला, कापसात अडकलेलं वाळकं पान दिसत होतं.

घरापर्यंत मी सांगत आले. डावीकडे घ्या. सरळ. खड्डा आहे. तो मुकाट ऐकत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

केकची ऑर्डर होती. नाही म्हणून कळवलं.

संध्याकाळी त्याला गच्चीवर नेलं. दिवा लावला नाही. पश्चिमेला अजून थोडा तांबूस उजेड होता, मला कोकिळाताईंच्या दोरीवरचे चिमटे मोजता आले असते. हात त्याच्या बाजूला धरला.

"बोटं किती?"

"परीक्षा घेऊन राह्यली काय माही?"

"सांगा ना."

चिडला. जिन्याकडे वळला, आणि मध्ये ठेवलेल्या बादलीवर जाऊन आदळला. निळी, मोठी बादली. तिथेच कठड्याला धरून बसला. मी पण बसले.

मग बोलला, हळूहळू. दिवसभर सगळं चांगलं दिसतं. सूर्य गेला की डोळ्यांवर पोतं टाकल्यासारखं होतं. लाइट पडतो तेवढा एक गोल दिसतो, आजूबाजूला काही नाही. पहिले इतकं नव्हतं, दोनेक वर्षांत वाढलं.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? मले वाटे, सगळ्यांलेच असंच दिसते. लोकं चालवतात हिमतीनं, मीच भेकड हाय."

म्हणजे त्या दिवशी भिंतीसमोर सगळी गल्ली हसली तेव्हा तो विनोद करत नव्हता. जे दिसत होतं ते सांगत होता.

८ नोव्हेंबर

नागपूर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई, वयाने माझ्याहून लहान. थेंब टाकले, मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावली, बारीक ठिपके दिसले की बटण दाबा म्हणाल्या. भूपेंद्र बटण धरून बसला होता. ठिपके येत होते. तो दाबत नव्हता.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं. हळू जातं, खूप वर्षं दिवसाचं काम नीट होईल. पण गेलेलं परत आणायचं औषध नाही.

"आणि लाइट वाढवला तर, मॅडम?" भूपेंद्रने विचारलं. मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत.

"गाडीचा लाइट उत्तमच असेल. पण तो पकडणारा पडदाच कमी झालाय. अंधारात गाडी चालवायची नाही. आजपासून."

आणखी एक म्हणाल्या: हे घराण्यात असू शकतं. रक्ताच्या सगळ्यांचे डोळे एकदा तपासून घ्या. मला एकदम सपना दिसली, टॉर्च धरून बसलेली.

बसमध्ये त्याने खिडकी मला दिली. नेहमी स्वतः घेतो.

९ नोव्हेंबर

घरात सांगितलं. सासूबाई उठल्या आणि ढीगभर गाजरं घेऊन किसायला बसल्या. जेवायला गाजराची कोशिंबीर, गाजराची भाजी, वर गाजराचा हलवा. भूपेंद्र म्हणाला, "आई, मी ससा होऊन राह्यलो." कोणी हसलं नाही म्हणून तो एकटाच हसला.

बाबांकडे आज वाक्य नव्हतं.

१६ नोव्हेंबर

समुद्रपूरच्या ऑर्डरी थांबल्यात. लग्नसराई तोंडावर. माणूस ठेवू म्हणाला भूपेंद्र, मग स्वतःच म्हणाला, टेलर नव्या माणसाशी बोलत नाहीत. मी म्हटलं, माझ्याशी बोलतील. मी चालवते. तुम्ही मागे बसा.

"तुले स्कूटी येते. हे गिअरचं हाय."

"शिकवा ना मग. व्हिडिओ नका दाखवू."

शिकाऊ लायसन काढलं. पिपरीच्या मागच्या मैदानात सकाळी शाळा सुरू. "क्लच हळू सोड. हळू! हळू म्हटलं ना व!" आज तीनदा बंद पडली आणि एकदा गाडी मला घेऊन एकटीच निघाली. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी खेळ थांबवून जागा करून दिली. आदराने नाही, भीतीने.

सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं मोटरसायकल चालवावी काय?"

बाबा म्हणाले, "चालवू दे तिले."

मी चमकून पाहिलं. ते उठून गेले.

२९ नोव्हेंबर

समुद्रपूर! मी पुढे, तो मागे, मध्ये अस्तराचा गठ्ठा. पहिल्या दुकानात टेलरने माप घेता घेता टेप खाली टाकला. भूपेंद्रने छाती काढून सांगितलं, "हे आता आमची ड्रायव्हर." ऑर्डर मोठी मिळाली. लोकांना मजा पाहायची असली की ते माल घेतात.

येताना अंधार गाठायचा नाही असं ठरवलेलं. गाठलाच. गाडी थांबवली, श्वास घेतला आणि बटण दाबलं.

काय लाइट बसवलाय या माणसाने! रस्ता अंथरल्यासारखा समोर. बाभळीच्या मुळ्या, खडीतला चकाकणारा खिळा, नालीच्या काठावरचा बेडूक. इतके दिवस मी या दिव्याची टिंगल केली, पण तो असा हँडल धरून कधी पाहिला नव्हता.

"चांगला बसवला तुम्ही," मी मोठ्याने म्हटलं.

"दिसते?"

"सगळं दिसते."

मग मागून आवाज आला, "काय काय दिसते, सांग ना."

मग मी सांगत आले. कुत्रं बसलंय. पांढरा दगड, वर्धा लिहिलंय. एक बाई डोक्यावर सरपण घेऊन चाललीये, आपल्याकडे पाहतेय. तुरी फुलावर आहेत. तो माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून "हं, हं" करत होता. एकदा म्हणाला, "हे तर मले माहीतच नव्हतं, इथं तूर हाय म्हणून." कितीदा गेलाय या रस्त्याने.

रडले नाही. गिअर बदलायचे होते.

१३ डिसेंबर

सपनाचे डोळे आज तपासले. आत्तातरी ठीक आहेत! दरवर्षी दाखवा म्हणाल्या. देवा!

घरी येऊन बाबांना म्हटलं, आता पुढच्या वेळी तुमचा नंबर. बाबांनी पेपरची घडी केली. नीट, कडेला कड लावून.

"मले काय तपासता, पोरी. मले माह्या डोळ्याचं ठाऊक हाय. भूपेंद्र पोटात बी नव्हता तवापासून."

सासूबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.