फोनवरची भाणजी

४ ऑगस्ट

आजही काही कळलं नाही! महिना होत आला या अप्रेंटिसशिपला आणि मी अजून नुसती मान डोलावते. ऋतिक सर स्क्रीनवर ओळी दाखवतात – हे बघ, इथून कोणीतरी आत शिरायला पाहत होतं – आणि मला दिसतात ते फक्त आकडे. पियुषला दिसतं. तो इथला, यवतमाळचाच. क्लास करून आलेला. फाडफाड इंग्रजी बोलतो. मी आपली ‘हो सर’, ‘हो सर’.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पतसंस्थांचे कॉम्प्युटर तपासायचे, चोर कुठून शिरेल ते चोराच्या आधी शोधायचं, हे आमचं काम. फोनवर घरी समजावून सांगितलं तर याडी म्हणाली, म्हणजे वॉचमन? मी चिडले. आता वाटतं, वॉचमनला निदान दार तरी दिसतं. पियुषनं विचारलं, "याडी म्हंजे कोन?" आई, म्हटलं. हसला. कशाला हसला?

वर्ष संपलं की आमच्या दोघांतून एकालाच ठेवणार. कोणाला, ते भिंतीलासुद्धा माहीत आहे.

१६ ऑगस्ट

आमच्या तांड्यात आज तीजचा सण. पोरी नाचत असतील. मला सुट्टी मागायचा धीर झाला नाही.

२ सप्टेंबर

माझा रिपोर्ट सरांनी सगळ्यांसमोर वाचला. सगळे म्हणजे पियुष आणि भिंती, पण तरी! जो दोष होता तो लिहिला नाही आणि जो नव्हताच त्याच्याखाली लाल रेघ. सर रागावले नाहीत. "अर्पिता, तू मेहनत लई करतं गं," म्हणाले. हे ऐकण्यापेक्षा शिवी बरी. बाथरूममध्ये जाऊन रडले, मग तोंड धुवून परत बसले.

घरी निघून जावं वाटतं. पण शेजारची हंसाबाई आख्ख्या तांड्याला सांगत फिरते की चव्हाणाची पोरगी यवतमाळात बँका सांभाळते. कोणत्या तोंडानं जाऊ?

१५ सप्टेंबर

नवीन काम आलं. एका पतसंस्थेनं माणसं तपासायला सांगितलीत. म्हणजे असं – आम्ही शाखांना फोन लावायचा, हेड ऑफिसमधून बोलतो म्हणायचं आणि पासवर्ड काढून घ्यायचा. कोण देतं ते पाहायचं. संस्थेचे अध्यक्ष बबनराव, त्यांची लेखी परवानगी आहे. कर्मचाऱ्यांना पत्ता नाही. नाव खोटं सांगायचं. मी वैष्णवी.

फोनवर बोलायचं तर आहे, म्हटलं. एवढं तरी जमेल.

१७ सप्टेंबर

नाही जमलं! नेर शाखेत विमलताई म्हणून आहेत. मी आरशासमोर घोकून गेले होते – नमस्कार, मी मुख्य कार्यालयातून बोलत आहे. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "बाई, तू इतकी शुद्ध कायले बोलून राह्यली? हेड ऑफिसात असं कोनीच बोलत नाही!" आणि फोन आपटला. पियुष पोट धरून हसला. त्यालाही कोणी पासवर्ड दिला नाही, पण त्याचं कोण मोजतं.

१८ सप्टेंबर

महागाव शाखा. फोन उचलला – "हॅलो, पूनमसिंग राठोड बोलून राह्यलो." मराठीच, पण आमच्या लोकांच्या मराठीला एक हेल असतो, तो लपत नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, जय सेवालाल – आमचा रामराम. ठरवलं नव्हतं. शपथ!

पलीकडचा आवाजच बदलला. मग सगळं गोरबोलीत, आमच्या बंजाऱ्यांच्या बोलीत. (इथे मराठीत लिहिते. गोरबोली लिहायची कशी ते मला कोणी शिकवलंच नाही.) कोणता तांडा? नाईक कोण? कोणाची पोरगी? नाव वैष्णवी सांगून चुकले होते, पण बाकीचं खोटं रचायला वेळ कुठे होता! दिग्रसजवळचा आपला तांडा सांगितला. बाप चव्हाण. याडीचं माहेर राठोड.

"राठोड? मग तुझी याडी माझी बहीण झाली की! तू भाणजी माझी. मामाला सर काय म्हणतेस?"

हेड ऑफिसात सिस्टिम बदलतेय, पासवर्ड लागतोय, असं मी म्हटलं. त्यांनी सांगितला. एकेक अक्षर, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून थांबत थांबत. वर म्हणाले, "नवीन नोकरी दिसते. घाबरत जाऊ नको. अडलं तर मामाला फोन कर. महागावला आलीस तर घरी जेवून जायचं."

फोन ठेवला. पहिल्यांदा मी कुठेतरी आत शिरले होते.

१९ सप्टेंबर

सरांनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. शब्द एक कळला नाही, पण शेवटी पासवर्ड येतो तो कळतो. "कोनतंच टूल हे करू शकत नाही!" समोसे मागवले. पियुष तोंड पाडून बसला – "तुले त भाषाच हाय. आमच्याजवळ काय हाय?"

मी दोन समोसे खाल्ले. खोटं कशाला लिहू, फार आनंद झाला.

६ ऑक्टोबर

अहवालात सरांनी ‘एका कर्मचाऱ्याने’ असंच लिहिलं होतं. बबनरावांनी विचारलं, कोण? सरांनी नाव सांगितलं.

मी भांडले. पहिल्यांदाच आवाज चढवला. सर म्हणाले, "संस्था त्यायची, मानूस त्यायचा. त्यायनं इचारलं त मी काय सांगू, मले मालूम नाही? आन् तू काहून एवढी तापून राह्यली? त्या मानसानं काही चौकशी न करता पासवर्ड देल्ला."

चौकशी न करता! अहो केली ना! तांडा विचारला, बाप विचारला, याडीचं कूळ विचारलं. विमलताईंनी यातलं काही विचारलं नव्हतं. पूनमसिंगांनी त्यांच्या परीनं माझी पुरती ओळख पटवून घेतली. आणि ओळख खरीच होती. नाव तेवढं खोटं. हे सरांना सांगायला गेले तर मराठीत मांडताच येईना.

१७ ऑक्टोबर

पियुष महागावला जाऊन आला. पूनमसिंगांना काउंटरवरून काढलं. आधी कितीतरी वर्षं ते पिग्मी गोळा करायचे – रोज दुकानोदुकानी फिरून लोकांची बचत आणायची – तेव्हा कुठे खुर्ची मिळाली होती. आता पुन्हा पिग्मीवर. तो फोन तपासणीचा होता हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यातही दुकानदार म्हणतात, उद्या पाहू. बाजारात बोलणं झालंय की म्हातारा एका पोरीच्या नादानं पासवर्ड देऊन बसला.

पोरीच्या नादानं. शी!

जेवले नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळीला घरी आलेय. हंसाबाईनं माझी दृष्ट काढली. आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

९ नोव्हेंबर

याडीचा फोन. महागावचे कोणी राठोड मोटारसायकलवर तांड्यात आले होते. वैष्णवी कोणाची म्हणून घरोघर विचारत होते. बाप चव्हाण, याडी राठोड – असं घर आमचंच, म्हणून लोकांनी त्यांना आमच्याकडे आणून सोडलं. याडी म्हणाली, माझी तर अर्पिता, वैष्णवी इथे कोणीच नाही. मग चहा पाजला. ती म्हणे, "राठोड म्हणजे माझा भाऊच ना. फार भला माणूस. सारखं एकच बोलत होता. माझं झालं ते झालं, पण त्या पोरीची नोकरी नवीन आहे, तिच्यावर तर काही आलं नाही ना, तेवढं पाहायला आलो."

मग विचारलं, "तू तिकडेच आहेस. कोण गं ही वैष्णवी?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

बबनरावांची परवानगी पूनमसिंगांपुरती होती. याडीशी खोटं बोलायची कोणी दिली?

१० नोव्हेंबर

फोन हातात घेतला. ठेवला.

१ डिसेंबर

सरांनी बोलावलं. वर्ष संपायची वाट पाहायचं कारण नाही म्हणाले, जागा तुझी. पियुषनं हात मिळवला, चांगल्या मनानं मिळवला. मला वाटलं होतं या दिवशी मी उड्या मारीन. नुसतं ‘हो सर’ म्हटलं. नोकरी हवी तर आहेच मला! नको म्हणायची हिंमत कुठे आहे? तीच तर लाज आहे.

पहिलं काम – त्या संस्थेच्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण. त्यात ते रेकॉर्डिंग वाजवायचं. मी म्हटलं, नको. सर म्हणाले, नावं काढू, मंग झालं? मुद्दे मी लिहिले. तिसरा मुद्दा – फोनवर नातं लावू नका. माझ्याच हातानं टाईप केला.

१२ डिसेंबर

ताप आहे म्हणून सांगितलं. पियुष एकटाच प्रशिक्षणाला महागावला गेला. ताप नव्हता.

१३ डिसेंबर

विचारायचं नव्हतं, विचारलं. पियुष म्हणाला, सगळ्यांना बोलावलं होतं, पिग्मीवाल्यांनाही. रेकॉर्डिंग संपल्यावर बबनरावांनीच बोट दाखवलं, "हे आपले मामा!" सगळे हसले.

"आणि ते?"

"खाली पाह्यत होते. मी सामान भरून राह्यलो होतो तवा जवळ आले. इचारलं, ते पोरगी तुमच्याच ऑफिसातली का? मी हो म्हनलं." मग म्हणाला, "मले खोटं बोलता आलं नाही, अर्पिता."

त्याला आलं नाही.

२२ डिसेंबर

आज फोन लावला. माझ्या मोबाइलवरून. ‘मामा’ म्हटलं आणि न थांबता गोरबोलीत सांगत सुटले – माझं खरं नाव अर्पिता, तुम्ही चहा प्यायलात ती माझी याडी, चूक तुमची नव्हती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मराठीत, "कोन पाह्यजे तुमाले? मले हे भाषा समजत नाही."

मीही मराठीतच म्हटलं, राँग नंबर.